भाजीचा फोटो, दारातला उजेड

समजा, रोहण्यात एक ताई आहेत. रोहणा हे वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुक्यातले गाव. ताईंच्या घरामागे छोटी वाडी आहे. वाडीत वांगी आहेत, टमाटर आहेत, पालक आणि सांभार आहे. घरापुरती भाजी ठेवून बाकीची त्या विकतात. काही गिऱ्हाइके आर्वीची आहेत. त्यांना मोबाइलवर भाजीचा फोटो पाठवला, की ती मंडळी भाजी राखून ठेवायला सांगतात.

एके दिवशी ताईंनी संध्याकाळी वांगी तोडली. रात्री घरातला बल्ब लावून त्यांचा फोटो काढला. मुलाने तो पाहिला आणि हसू लागला.

"माय, हे वांगे होय का कोळसे?"

"अरे, आत्ताच तोडले मी. चांगले ताजे हायेत!"

"तुले ठाऊक आहे. गिऱ्हाइकाले कोन सांगन?"

मुलगा खरे तेच बोलला. बाजारात गिऱ्हाईक भाजी हातात घेते. दाबून पाहते. देठ पाहते. वास घेते. फोटोला हात लावता येत नाही. फोटोला वासही नाही. तिथे सगळे काम एकट्या डोळ्याला करावे लागते. डोळ्याला दाखवणारा कोण? उजेड. म्हणून भाजीचा फोटो चांगला यावा असे वाटत असेल, तर आधी उजेड ओळखायला शिकले पाहिजे. त्याला पैसा लागत नाही.

उजेड कुठून यावा?

एक वांगे घ्या. भर दुपारी अंगणात ठेवा. ऊन डोक्यावरून पडते. वांग्याचा वरचा भाग पांढरा चमकतो, खालचा भाग काळा पडतो. मधले काहीच नीट दिसत नाही. असे ऊन फोटोच्या कामाचे नाही.

आता तेच वांगे घरात आणा. उघड्या दाराजवळ ठेवा. पण जिथे थेट ऊन येते तिथे नको. सावलीत ठेवा. दार तुमच्या डाव्या हाताला येऊ द्या. आता पहा. उजेड एका बाजूने येतो. दाराकडची बाजू उजळते. पलीकडची बाजू हळूहळू अंधारत जाते. या उजेडाने आणि सावलीनेच वांगे गोल आहे हे कळते. समोरून उजेड टाकला तर सावली पडत नाही, आणि वांगे थापलेल्या भाकरीसारखे सपाट दिसते. मोबाइलचा फ्लॅश नेमके हेच करतो. म्हणून भाजीसाठी फ्लॅश बंद ठेवावा.

दार उत्तरेचे असेल तर फारच छान. वर्षाचे बहुतेक महिने त्या दारातून थेट ऊन आत येत नाही. उजेड दिवसभर शांत राहतो. पूर्वेचे दार असेल तर ऊन वर चढेपर्यंत थांबा.

पलीकडची बाजू फारच काळी दिसते का? मग त्या बाजूला एक पांढरा कागद उभा करा. धुतलेले पांढरे धोतर दोरीवर टाकले तरी चालते. दारातला उजेड त्या कापडावर आपटतो आणि परत भाजीवर येतो. सावली थोडी निवळते. सावली पार घालवू मात्र नका. सावली गेली की गोलवाही गेला.

आणखी एक गोष्ट. दारातला उजेड घेताना घरातला बल्ब लावू नका. दोन उजेडांचे रंग निरनिराळे असतात. आपला डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते नीट जमत नाही. मग भाजी एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसते.

कोणत्या भाजीला कसा उजेड?

वांगे चकचकीत असते. दाराचा उजेड त्याच्या अंगावर पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. ती रेघ पुसू नका. ती ताजेपणाची खूण आहे. शिळे वांगे मलूल पडते. त्याच्यावर अशी चमक उठत नाही.

पालक, मेथी, सांभार यांची पाने पातळ असतात. त्यांची जुडी दाराच्या आणि तुमच्या मधे ठेवा. उजेड पानातून आरपार येतो. हिरवा रंग खुलतो, शिरा दिसतात. दार मात्र फोटोत येऊ देऊ नका. ते आले तर बाकीचे सारे काळे पडेल.

फुलकोबी पांढरी असते. तिला अगदी आडवा उजेड द्या, म्हणजे तिचा दाणा न् दाणा दिसतो. इथे कॅमेरा एक चूक करतो. तो सगळ्या चित्राचा उजेड मिळून पाहतो. मागे काळे कापड असेल तर त्याला वाटते, उजेड कमी आहे. मग तो उजेड वाढवतो, आणि कोबी चुन्यासारखी पांढरी होते. अशा वेळी पडद्यावर कोबीच्या जागी बोट टेकवा. बहुतेक मोबाइलवर सूर्याची छोटी खूण येते. ती खाली सरकवली की उजेड कमी होतो.

भाजी कशी मांडावी?

सारे टोपले फोटोत ओतू नका. गर्दीत कुणाचेच तोंड दिसत नाही. तीन वांगी पुरेत. एक पुढे, दोन थोडी मागे. एकाचे देठ आपल्याकडे येऊ द्या. ताजेपणा देठातच कळतो. तिन्ही वांगी पलटणीसारखी एका ओळीत उभी केली, तर डोळा कुठेच ठरत नाही.

खाली काय अंथरावे? जुने गोणपाट चांगले. लाकडी पाट चांगला. सारवलेली जमीनही चांगली. या गोष्टी चमकत नाहीत. प्लास्टिकचा कागद आणि स्टीलची ताटली चमकते, आणि डोळा भाजी सोडून तिकडे जातो. काळ्या वांग्याखाली फिकट कापड घ्या. पांढऱ्या मुळ्याखाली गडद घ्या. मागे चपला, बादली, वायर काही दिसत नाही ना, हे पाहून घ्या.

शाळेतली मुले चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा देतात. त्या परीक्षेत स्थिरचित्र असते. समोर मांडलेल्या वस्तू पाहून त्या काढायच्या आणि त्यांची छाया-प्रकाशासह रंगसंगती साधायची. घरात असे मूल असेल, तर त्याला जवळ बोलवा. उजेड कुठला, सावली कुठली, हे ते तुम्हाला दाखवील.

मोबाइल कसा धरावा?

आधी भिंग पुसा. मऊ सुती कापडाने पुसा. शेतातून आलेल्या हाताचा मळ भिंगावर बसतो आणि चित्र धुरकट येते. मोबाइल दोन्ही हातांनी धरा. कोपर पाटावर किंवा गुडघ्यावर टेका. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला चित्र घ्यायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हात हलला तर चित्र पुसट होते. लांबून चित्र ओढून मोठे करू नका. आपणच पाऊलभर पुढे जा.

कॅमेरा नवा निघाला तेव्हाही असेच होते. १८४० च्या सुमाराला एका फोटोला कित्येक मिनिटे लागत. माणूस हले, डोळे मिचकावी. फळे, भांडी, पुतळे मात्र हलत नसत. म्हणून त्या काळच्या लोकांनी अशा स्थिर वस्तूंचे पुष्कळ फोटो काढले. इंग्लंडात टॅलबट यांनी टोपलीतल्या फळांचा फोटो काढून आपल्या पुस्तकात छापला.

पुढे १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची साधी, वाकडीतिकडी. वेस्टन यांनी ती पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात ठेवली. पेरणीचे चाडे आपण पाहिलेच आहे, तसाच आकार. वरून येणारा उजेड पत्र्यावरून परतून मिरचीच्या सगळ्या अंगाला लागला. फोटोत ती मिरची कुणाला पाठमोऱ्या माणसासारखी वाटते. तो फोटो आज जगभर ओळखला जातो. पण तो पहिल्या खेपेला साधला नव्हता. त्याच्या नावातच ३० हा आकडा आहे. म्हणजे मिरच्यांचे इतके फोटो काढले, तेव्हा हा एक जमला. आपला पहिला फोटो बिघडला तर वाईट वाटून घेऊ नये.

फोटोत खोटे नको

पालेभाजी तोडली तरी तिच्या पानांतून पाणी उडत राहते. म्हणून ती लवकर सुकते. पालेभाजीचा फोटो आधी काढा, वांगी-भोपळे मागून. थोडे पाणी शिंपडायला हरकत नाही. पण वांग्याला तेल चोळून चमक आणू नका. मोबाइलमध्ये रंग भडक करू नका. कालच्या भाजीचा फोटो आज पाठवू नका. किडके वांगे खाली लपवू नका.

वांगे केवढे आहे हे कळावे म्हणून शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा. ते २७ मिलिमीटर रुंद असते. गिऱ्हाईक नाणे ओळखते, त्यावरून माप धरते.

हीच रीत आणखी एका कामी येते. पानावर डाग पडले, झाड वाळू लागले, तर असाच स्वच्छ फोटो काढा. पानाची वरची बाजू घ्या, खालचीही घ्या. शेजारी नाणे ठेवा. वर्धा जिल्ह्यात सेलसुरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना तो दाखवता येतो. तिथे रंग खोटा असला, तर सल्लाही चुकायचा आणि पीक हातचे जायचे.

ताईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वांगी दारात मांडली. एका बाजूला धोतर टांगले. मुलाने फोटो पाहिला.

"माय, आता वांगे दिसले!"

"वांगे तेच आहेत रे बाबा. काल अंधारात होते."

करून पहा

एक टमाटर घ्या. एक फोटो भर उन्हात काढा. एक फ्लॅश लावून काढा. एक दाराजवळ सावलीत काढा. तिन्ही फोटो शेजाऱ्याला दाखवा, पण काही सांगू नका. विचारा, यातले कोणते टमाटर तुम्ही घ्याल?