समुद्रावर फोटो काढायला निघताय? आधी तिथी बघा, मग घड्याळ

अलिबाग : सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. कुलाबा किल्ल्याच्या बाजूला पाणी लांब गेलेलं असतं, मंडळी मोबाईल घेऊन आत आत जात असतात आणि मागे पाणी भरायला लागलंय याकडे कुणाचंच लक्ष नसतं. किनाऱ्यावरचे लोक हाका मारून मारून थकतात. कुणी गुडघाभर पाण्यातून धावत परत येतं, कुणी अडकून पडतं. एका फोटोपायी जिवावर बेतायचं काही कारण नाही. भरती-ओहोटीचं आणि उजेडाचं साधं गणित समजलं की फोटोही चांगला येतो आणि माणूसही सुखरूप घरी येतो.

पाणी कधी चढतं, कधी उतरतं?

दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पाणी पूर्ण उतरतं. रोज ही वेळ पाऊण तास ते 50 मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो.

यावरून जुन्या लोकांनी सोपा हिशोब बसवला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या दरम्यान. हा हिशोब मुंबई-अलिबाग पट्ट्यासाठी आहे. दक्षिणेला रत्नागिरी, मालवणकडे भरती थोडी आधी येते. अर्धा-पाऊण तासाचा फरक इथेही पडू शकतो, म्हणून अंदाजासाठी कॅलेंडर आणि नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. ते मोबाईलवरही मिळतं.

उधाण आणि भांग

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तेवढंच लांब उतरतं. अलिबागच्या बाजूला हा फरक चार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि पुरतं उतरतही नाही. ओली वाळू, उघडी पडलेली खडपं, किल्ल्याकडे जाणारी वाट असं सगळं फोटोत हवं असेल, तर उधाणाचे दिवस धरावे लागतात.

संध्याकाळचा मेळ असा बसतो

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात मावळतो. अलिबागला थंडीत सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, मे-जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या जवळ. नेमका सूर्यास्त आणि उतरलेलं पाणी एकत्र येतात. लांबवर पसरलेली ओली वाळू आरशासारखी चमकते आणि आभाळाचा रंग खाली उतरतो.

पण इथेच खरी मेख आहे. सूर्य मावळल्यावरही आभाळ वीस-पंचवीस मिनिटं रंगलेलं असतं, म्हणून लोक थांबतात. तोवर अंधार पडतो आणि पाणी फिरलेलं असतं. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरची प्रतिपदा जास्त सोयीची. त्या दिवशी ओहोटी सातच्या सुमारास येते. थंडीत सूर्य मावळताना पाणी अजून उतरतंच असतं. उन्हाळ्यात द्वितीया धरावी. सोपा नियम असा : फोटो उतरत्या पाण्यात काढायचे, पाणी चढायला लागायच्या आत किनाऱ्यावर यायचं.

पाणी फसवतं कसं?

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत मिळून जेवढं चढायचं, त्याचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात वाटतं, पाणी काही येत नाही. उधाणाला तिसऱ्या तासात मात्र एकट्या त्या तासात मीटरभर पाणी चढतं, म्हणजे जवळपास कंबरेएवढं. शिवाय ते समोरूनच येतं असं नाही. मागच्या सखल भागात आधी भरतं आणि परतीची वाट तुटते.

किल्ल्यात चालत जायचं असेल तर ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावं आणि पाणी फिरायच्या आत परतावं. पाणी पूर्ण उतरलंय म्हणून तेव्हा निघणं म्हणजे उशिरा निघणं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही हेच लागू. ती वाट ओहोटीचीच आहे, भरतीला लाटा थेट खडकावर येतात. हिरवट, ओला खडक दिसला तर पाय ठेवू नये.

सकाळचा उजेड

संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे असतो, त्यामुळे किल्ला काळा दिसतो. तटबंदीचे दगड, बुरूज नीट दिसायला हवे असतील तर सकाळी जावं. सूर्य पूर्वेच्या डोंगरामागून वर यायला थोडा वेळ लागतो, पण मग उजेड सरळ किल्ल्यावर पडतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरलेला असतो आणि पाणीही ओसरलेलं असतं. असा योग महिन्यातून एकदाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, तेव्हा तो साधावा.

मोबाईलवर काढताना

खाऱ्या हवेने कॅमेऱ्याच्या काचेवर थर बसतो, आधी मऊ कापडाने पुसा. उजळ आभाळावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा कमी करा, म्हणजे रंग पांढरे पडत नाहीत. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषा चालू ठेवा, समुद्र तिरका येणार नाही. अंधार पडल्यावर मोबाईल कशाला तरी टेकवून धरा.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पाण्याजवळ जाऊच नये. एरवीही उंच लाटांचा इशारा इन्कॉइस ही केंद्राची संस्था देते, तो बघून निघावं. समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढू नये. कुणी अडकलेलं दिसलं तर स्वतः उडी न घेता 112 किंवा तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करावा आणि जवळच्या कोळी बांधवांना हाक मारावी. निघताना त्यांनाच एकदा विचारलं, ‘पाणी कधी फिरणार?’ तर निम्मं काम तिथेच होतं.