धान घरी आलं की ऐकायचं गाणं

भाऊबीज झाली की गोंदिया-भंडारा पट्ट्यात मंडयांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीपासून पार सालेकसा-देवरीपर्यंत गावोगाव ठरल्या दिवशी मंडई भरते, पाहुणे उतरतात आणि रात्री दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं नाहीतर नाटक असतं. याच दिवसांत भारी धानाची कापणी चाललेली असते. पुंजणी रचून होतात, चुरणी आटोपते आणि डिसेंबर लागता लागता संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळू लागतात. हा लेख त्या दोन तासांसाठी आहे.

पुढे सुचवलेल्या ध्वनिमुद्रिका मी एकाच कसोटीवर निवडल्या: त्यांच्यात विदर्भाचं काहीतरी मोलाचं आहे आणि विदर्भातच त्या फारशा वाजत नाहीत. कवींची नावं आपण सभागृहांना देतो, गायकांच्या पुण्यतिथ्या करतो. ऐकतो मात्र त्यांची तीच ती दोन-चार गाणी. मोबाइलवर एक गाणं संपलं की ॲप दुसऱ्याच कुणाच्या तरी गाण्यावर उडी मारतं. संगीतकाराने ठरवलेला गाण्यांचा क्रम, दोन गाण्यांमधली शांतता, लोकप्रिय गाण्याच्या शेजारी दबून राहिलेलं अवघड गाणं हे सगळं त्यात हरवतं. म्हणून माझी विनंती आहे की अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत ऐकावा.

पहिलं नाव वसंतराव देशपांड्यांचं. जन्म १९२० सालचा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. बालपण नागपुरात, आणि गाण्याचे धडे तिथल्याच शंकरराव सप्रे गुरुजींकडे. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले त्यांचे खाँसाहेब घराघरांत पोचले, पण वसंतरावांचा मारवा किती घरांत वाजतो? तरुणपणी मामांबरोबर ते लाहोरला गेले होते. तिथे उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना महिनोन् महिने हा एकच राग शिकवला. एका रागाची वाट नीट कळली की बाकीच्या वाटा आपोआप सापडतात, असा त्या शिकवणीचा भरवसा होता.

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि सगळा भार त्या कोमल रिषभावर नि शुद्ध धैवतावर. षड्ज म्हणजे गाण्याचं हक्काचं घर, पण मारव्यात गायक तिथे यायचं सारखं टाळत राहतो. वसंतरावांच्या ध्वनिमुद्रित मारव्यात हे टाळणं कान देऊन ऐका. धैवतावरून सूर वर चढतो, आता षड्ज लागणार असं वाटतं आणि ते त्याला वळसा घालून थेट रिषभावर जाऊन बसतात. ऐकणाऱ्याच्या छातीत कालवाकालव होते. असं तीन-चारदा झाल्यावर जेव्हा खरोखर षड्ज लागतो, तेव्हा रोखून धरलेला श्वास सुटतो. हा राग सूर्यास्ताचा. आपल्याकडे नोव्हेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. बांधीवरून परतल्यावर, दिवा लावायच्या आधी हे गाणं लावावं. वेळेचं हे बंधन मी मनापासून मानतो. सकाळी ऐकलेला मारवा मला कधीच लागला नाही.

याच्या जोडीला ‘मी वसंतराव’ (२०२२) या चित्रपटाचा अल्बम ऐकावा. आजोबांची भूमिका नातवाने, राहुल देशपांडे यांनी केली, संगीतही त्यांचंच. गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला, पण ख्याल, ठुमरी, लावणी अशा चढत्या-उतरत्या वाटेने गेलेला तो अल्बम सलग ऐकणारे थोडेच भेटतात.

सप्रे गुरुजींच्या त्याच वर्गात आणखी एक मुलगा शिकत होता, राम चितळकर. पुढे ‘अलबेला’, ‘अनारकली’चे संगीतकार सी. रामचंद्र म्हणून देश त्यांना ओळखू लागला. त्यांनी ग. दि. माडगूळकरांबरोबर केलेलं ‘गीतगोपाल’ हे मराठीतलं सगळ्यांत अन्यायाने विसरलं गेलेलं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण उघड आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं ‘गीतरामायण’ ५६ गीतांनी महाराष्ट्राच्या मनात असं रुजलं, की त्याच कवीची कृष्णकथा त्याच्या सावलीतच राहिली. खरं तर दोन्हींची जात वेगळी आहे. बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, रामायण संथ आणि मर्यादशील आहे, तर गोपाळाच्या चालींना खेळकर लय आहे. गदिमा १४ डिसेंबर १९७७ रोजी गेले. त्यांच्या स्मृतिदिनी दरवर्षी रामायण लागतं. यंदा गोपाळ लावून पाहा. घरातली लहान मुलंही बसतील.

आता ‘निवडुंग’. १९८९ चा हा चित्रपट आज कुणाच्या फारसा लक्षात नाही. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्यातली सुरेश भटांची गझल आशा भोसल्यांच्या आवाजात सगळ्यांना पाठ आहे. भट अमरावतीचे, नागपुरात वारले, रेशीमबागेतल्या मोठ्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. पण त्याच ध्वनिमुद्रिकेत नागपूरच्या ग्रेस यांची कविता हृदयनाथांनी स्वतः गायली आहे, आणि कोकणातल्या आरती प्रभूंचीही. तीन अवघड कवी एका व्यावसायिक चित्रपटात! ग्रेसांची कविता दुर्बोध म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी तर ती इथे ऐकावीच. हृदयनाथ अर्थ सोपा करायला जात नाहीत. चाल अशी वळणं घेते की पुढची ओळ कुठे उतरेल याचा अंदाज येत नाही, आणि शब्द डोक्यात शिरण्याआधी त्यातला एकटेपणा पोचतो. ग्रेस २०१२ साली गेले. त्यांची पुस्तकं कपाटात आहेत, पण हे गाणं घरात नाही, अशी माणसं मला विदर्भात वारंवार भेटतात, आणि मी प्रत्येकाला ते ऐकवतो.

गझलेचीच गोष्ट निघाली आहे तर अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे यांचा ‘एक जखम सुगंधी’ राहून जायला नको. भीमराव शेराची पहिली ओळ पुन्हा पुन्हा गातात, दर वेळी वजन वेगळ्या शब्दावर टाकतात आणि दुसऱ्या ओळीसाठी ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतात. शब्द एकही गिळला जात नाही. मुशायऱ्यातली दाद कशी उगवते, हे घरबसल्या समजून घ्यायचं तर याहून चांगला अल्बम मला ठाऊक नाही.

आणि आपली ही मंडयांची झाडीपट्टी? २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव देशभर झालं. पण मंडईत रात्रभर दंडार उभी करणारे गळे, ढोलकी नि चोनका या वाद्यांचा तो ताल, हे स्वच्छ ध्वनिमुद्रणात आपण जपायला हवं. मंडईत प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो आणि चित्रीकरण तीस सेकंदांचं होतं, बहुधा नाच्याचं. यंदा मुर्रीच्या नाहीतर तुमच्या गावच्या मंडईत एकाने तरी मोबाइल भोंग्यापासून लांब, वादकांच्या बाजूला ठेवावा, आणि खडीगंमत गणापासून शेवटपर्यंत सलग मुद्रित करावी. फाइलच्या नावात शाहिराचं नाव, त्याचं गाव, तारीख आणि ढोलकी कुणाची होती ते लिहावं. मंडळी सकाळी चहा घेऊन परतायच्या आत त्यांनाही ती पाठवावी, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःचा अख्खा खेळ कधी ऐकलेला नसतो.