कागदाला वाफसा

वैशाखात पारोळ्यात कुणी जपानी पद्धतीनं चित्र छापायला बसू नये. पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो, ठशावर लावलेला रंग कागद टेकवेपर्यंत सुकतो आणि कागद उचलला की चित्राच्या जागी नुसते डाग दिसतात. कोरायचं ते उन्हाळ्यात कोरून घ्यावं, छापायचं श्रावणासाठी ठेवावं. या छपाईत लोक कोरणाऱ्याच्या हाताचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण हे सगळं काम अखेर ओलीवर चालतं. कागदात ओल किती, ठशावर किती, ब्रशात किती. पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा आला का ते बघतो, तसा हा कागद बोटांनी चाचपावा लागतो. ओला लागला तर पाणी जास्त झालं, नुसता गार लागला तर बरोबर.

मूळ जपानी व्यवस्थेत हे काम एका माणसाचं नव्हतंच. प्रकाशक पैसे घालायचा आणि विषय ठरवायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. होकुसाई आणि हिरोशिगे ही नावं आपल्याला माहीत आहेत, पण त्यांच्या बहुतेक चित्रांचे ठसे त्यांनी स्वतः कोरलेलेही नाहीत नि छापलेलेही नाहीत. कोरणाऱ्यांतही उतरंड होती: बाईच्या कपाळावरचे केस मुख्य कारागिरानं कोरायचे, कपड्यांवरची नक्षी आणि मोकळ्या जागा शिकाऊंनी. सगळं एकट्यानं करायचं ही कल्पना फार नंतरची. यामामोटो कानाए यानं 1904 मध्ये कोळ्याचं एक चित्र स्वतः काढून, कोरून, छापलं, आणि तिथून ‘आपलं आपणच छापा’ म्हणणाऱ्यांची चळवळ उभी राहिली. पारोळ्यात माझ्यासारख्याला दुसरा इलाजच नसल्यामुळे मी आपोआप त्या चळवळीत आहे.

चित्र आमच्याच भुईकोट किल्ल्याचं घेतलं, एक बुरूज आणि खालचा खंदक. जपानात ठशाला डोंगरी चेरीचं लाकूड वापरतात. कठीण, एकसारख्या पोताचं, बारीक रेघ धरून ठेवणारं. आमच्या गल्लीतल्या आप्पा सुतारांनी अर्थातच आधी सागवान पुढे केलं. सागवान दाराला उत्तम, ठशाला नाही. त्याची छिद्रं मोठी, ती छापात उमटतात, आणि पात्याखाली रेघेची कड निसटते. मग त्यांनी कुठूनतरी हेदूची पिवळसर फळी काढली. हे लाकूड सातपुड्यात मिळतं, पोत बारीक आणि सारखं. युरोपातल्या बारीक कोरीवकामाच्या एका पद्धतीत लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे खोडाच्या टोकाकडच्या बाजूवर कोरतात. जपानी कारागीर फळीच्या सपाट अंगावर कोरतो, त्यामुळे रेषा कुठल्या दिशेनं जाते यावर पातं कसं धरायचं ते ठरतं.

रेखाटन अगदी पातळ कागदावर काढतात आणि तो कागद फळीवर पालथा चिकटवतात. खळ वाळली की मागचे तंतू बोटानं हळूहळू घासून काढायचे, थोडं तेल फिरवायचं, म्हणजे रेघा लाकडावरच काढल्यासारख्या स्वच्छ दिसतात. मग त्या कागदातूनच कोरायचं. मूळ रेखाटन इथेच संपतं. जपानी छापचित्रांची मूळ रेखाटनं फारशी मिळत नाहीत याचं कारण हेच, आणि जी मिळतात ती बहुधा न छापलेल्या चित्रांची असतात.

सुरीचं पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवायचं. रेघ वरून केसाएवढी, बुडाशी रुंद, उतरत्या बांधासारखी राहायला हवी, नाहीतर दाबाखाली मोडते. दोन्ही बाजूंनी असा काप घेतला की मधलं लाकूड गोल पटाशीनं उडवायचं. रेघेजवळ उथळ, मोकळ्या मैदानात खोल, कारण तिथे ओला कागद पोटात झुकला तर रंग चाटून येतो. आप्पा माझ्या शेजारी बसून बराच वेळ हे बघत होते. शेवटी म्हणाले, “दादा, एक रेघसाठे इतला येळ?” त्यांचं खरं होतं. तेवढ्या वेळात त्यांची अख्खी चौकट उभी राहिली असती.

एक ठसा रेघांचा आणि प्रत्येक रंगाला आणखी एक. मग हे सगळे एकावर एक नेमके बसायचे कसे? या प्रश्नाचं जपानी उत्तर मला सगळ्या कलेतलं सर्वांत हुशार वाटतं. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ खाच. बस. प्रत्येक रंगाच्या ठशावर त्याच दोन खाचा, त्याच जागी. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसरीला लावायची आणि कागद सोडायचा. सुझुकी हारुनोबूच्या काळात, 1765 च्या सुमारास, बहुरंगी चित्रं निघू लागली ती अशा अचूक जुळणीच्या जोरावर.

आपल्याकडेही लाकडी ठशांची परंपरा आहे, पण ती कापडाची. खानदेशात फैजपूरच्या रंगाऱ्यांचं कापडावरची छपाई, नीळ आणि तांबडा रंग यांसाठी नाव होतं. तिथे कापड खाली पसरलेलं असतं आणि ठसा वरून येतो, मुठीनं ठोकला जातो. जपानी पद्धतीत ठसा जमिनीवर स्थिर, कागद वरून येतो आणि दाब कागदाच्या पाठीवर पडतो. छापणारा आपल्यासारखाच मांडी घालून बसतो, पुढची बैठी घडवंची त्याच्यापासून पलीकडे उतरती असते, म्हणजे अंगाचं वजन आपोआप हातात येतं. पाटावर बसायची सवय असलेल्या माणसाला हे टेबलापेक्षा सोपं जातं.

कागदाची गोष्ट मात्र वेगळी. पारोळ्याच्या शेजारचं एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं, इंग्रजांच्या गॅझेटिअरात त्याची नोंद आहे. पण आपला जुना कागद बोरूसाठी बनायचा. खळ लावून, दगडानं घोटून इतका गुळगुळीत की शाई वरच राहावी, चुकलं तर पुसता यावं. जपानी कागदाला रंग पोटात घ्यायचा असतो. तो कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या आतल्या सालीचा. तंतू लांबलचक, म्हणून ओला करून पंधरा-वीस वेळा घासला तरी फाटत नाही. रंग फार पसरू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी देतात, दोन्ही आपल्या कुठल्याही किराणा-रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू. कागद मी मुंबईहून मागवतो. चिंध्यांच्या हातकागदावरही छाप येतो, जरा जाडसर, पण जास्त रंग चढवायचे तर तो दमतो.

छापायच्या आदल्या रात्री कोरड्या कागदांत मधे मधे ओले कागद घालून गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी होते. ठसा ओल्या फडक्यानं पुसायचा, वर रंगाचे चार थेंब आणि तांदळाच्या खळीचा ठिपका, घोड्याच्या केसांच्या ब्रशानं दोन्ही एकत्र पसरायचं. खळ जास्त झाली तर रंग चिकट चमकतो. कमी पडली तर छापात तिळासारखे पांढरे ठिपके येतात. जपानी कारागीर त्याला तिळाची छपाई म्हणतो आणि हवी तिथे मुद्दाम करतो. मग कागद ठेवून वरून बारेन फिरवायचा. ही तळहाताएवढी चकती, आत पिळलेल्या दोरीचं वेटोळं, वरून बांबूच्या सोपटाचं आवरण. घासून घासून कोरडी पडली की तिला तेलाचं बोट. तिकडे कॅमेलियाचं, इकडे खोबरेल.

आकाश वर गडद आणि खाली विरत जाणारं हवं असेल तर ते कोरून होत नाही. ठशाचा भाग पाण्यानं ओला करायचा, ब्रशाच्या एकाच टोकाला रंग घ्यायचा आणि आडवा ओढायचा. पुढच्या प्रतीला पुन्हा पहिल्यापासून. होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेतला तो निळा 1830 च्या सुमारास जपानात स्वस्त झालेला प्रशियन निळा आहे. त्याआधीचे वनस्पतींचे निळे रंग एकतर उडायचे नाहीतर असे सुंदर विरायचे नाहीत. माझं आकाशही त्याच रंगाचं आहे. निळीच्या मुलखात बसून परदेशी निळा वापरायचा हे जरा खुपतं, पण दिसतो छान.

आपल्या भागाशी या कलेचा एक थेट धागाही आहे. योशिदा हिरोशी (1876–1950) हा चित्रकार आपल्या मुलाला, तोशीला घेऊन 1930 च्या अखेरीस भारतात आला. परतल्यावर त्यानं काढलेल्या छापचित्रांत ताजमहाल, बनारस, उदयपूर यांच्यासोबत अजिंठा आणि वेरूळही आहेत. जळगावमार्गे आम्ही दुपारच्या आत पोचतो तो अजिंठा. योशिदा कोरणाऱ्या-छापणाऱ्यांच्या डोक्यावर बसून काम करवून घ्यायचा आणि आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर तसा शिक्का मारायचा. जुन्या चित्रांत दहा-वीस वेळा रंग चढत, याच्याकडे तो आकडा सहज तिसाच्या पुढे जाई. 1926 मधल्या त्याच्या शिडांच्या होड्या तर त्याच ठशांवर रंग बदलून सकाळच्या, दुपारच्या, धुक्यातल्या, रात्रीच्या होतात. त्यानं 1939 मध्ये या तंत्रावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. मला विचाराल तर त्याची काही चित्रं फार गोड आहेत, छपाई इतकी बिनचूक की लाकूड जाणवतच नाही. पण एकाच फळीतून दिवसाचे प्रहर काढण्याची त्याची युक्ती मी निमूटपणे उचलली. बुरुजाची सकाळ छापून झाली. दुपारचा पांढुरका, जळका उजेड मात्र कुठल्या रंगानं येतो ते अजून जमत नाही. कागदाचा कोरा भाग वाढवावा लागेल असं दिसतंय.

छापून झालेल्या ठशांचं जपानी प्रकाशक फार कौतुक करत नसत. चेरीचं लाकूड महाग, म्हणून चित्राचा खप संपला की फळी रंध्यानं सपाट करून तिच्यावर दुसरं चित्र कोरायचं. हे ऐकल्यापासून आप्पांचा डोळा माझ्या फळ्यांवर आहे. “रंधा मारीसन देव्हाराना दार व्हई जाई,” म्हणतात. दुपार छापून होईपर्यंत मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.