बायपोलर : झोप उडते तिथून सुरुवात

‘सकाळी हसतो, दुपारी चिडतो, बायपोलर आहे तो!’ असं हल्ली कुणाबद्दलही सहज बोललं जातं. हा आजार तासातासाला पालटत नाही. त्यातला उन्माद, म्हणजे मेनिया, साधारण आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकतो. नैराश्य किमान दोन आठवडे, बहुधा काही महिने. मधल्या काळात तोच माणूस नोकरी करतो, मुलांचा अभ्यास घेतो.

‘किती उत्साह आलाय बघा त्याला!’ हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. आधी तो महिनोन्महिने अंथरुणातून उठतच नसेल, तर घर सुखावणारच. पण दोन-तीन तास झोपून ताजंतवानं वाटणं, तोंडाची टकळी न थांबणं, एकाच वेळी चार धंद्यांचे बेत, त्यासाठी एफडी मोडणं, अडवलं की अंगावर धावून येणं, ही आजाराची लक्षणं आहेत. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. हा फरक घरच्यांनी वेळीच ओळखला तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

डॉक्टरकडे मात्र माणूस बहुधा नैराश्यात असताना जातो, आणि त्या ‘चांगल्या’ दिवसांचा विषय निघतच नाही. मग नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात, आणि बायपोलर असलेल्या काही जणांना त्याच उन्मादात ढकलतात. म्हणून न झोपता धावपळ केलेला तो काळ डॉक्टरांना आवर्जून सांगा.

‘मेंदूच्या गोळ्या म्हणजे गुंगी आणि व्यसन,’ हेही सरसकट खरं नाही. या आजारावरच्या लिथियमचंच बघा. हा एक साधा क्षार आहे. उन्मादावर तो उपयोगी पडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्ये मांडलं. पुढचे झटके रोखण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात आजही त्याचं स्थान वरचं आहे. त्याचं व्यसन लागत नाही. मात्र मात्रेचं गणित नाजूक असतं. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर ठेवतात आणि 1.5 च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. म्हणून रक्त तपासायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. किडनी आणि थायरॉइडचीही नियमित तपासणी लागते.

आपल्याकडे जपायला हवं ते इथे. निर्जळी एकादशी, उन्हातली पायी वारी, जुलाब, अचानक मीठ बंद करणं, यांनी लिथियम रक्तात चढतं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही चढतं. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लिथियम सगळ्यांनाच देतात असंही नाही. व्हॅल्प्रोएट आणि इतर औषधं आहेत, पण व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ते शक्यतो टाळतात. ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल,’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. आजार लपवून लग्न झालं की गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि मग सुटतात. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात विशेष जोखमीचे असतात. सगळं सांगून, उपचार सांभाळून केलेले संसार मात्र नीट चालतात.

‘आता बरा आहे, मग गोळ्या कशाला?’ तो बरा आहे यात गोळ्यांचाही वाटा आहे. लिथियम एकदम तोडलं तर उन्माद उसळून परत येऊ शकतो. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

बऱ्या दिवसांत घरी बसून एक कागद लिहून ठेवावा : किती रात्री झोप उडाली की डॉक्टरांना फोन करायचा, एटीएम कार्ड कोणाकडे द्यायचं, कोणाचं ऐकायचं. टेली-मानसचा मोफत क्रमांक 14416 त्यावरच लिहावा. आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत, आपल्या वतीने कोणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला आहे.