‘लब्’, ‘डब्’ आणि मधली शांतता

हृदयाचे ठोके ‘लब्-डब्, लब्-डब्’ असे पडतात, हे आपण वर्गात दरवर्षी शिकवतो आणि मुले ते पाठ करतात. पण ‘लब्’पासून ‘डब्’पर्यंत किती वेळ जातो आणि ‘डब्’पासून पुढच्या ‘लब्’पर्यंत किती, असे एखाद्या मुलीने विचारले तर? नुसत्या कानाने याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी ठोक्यांचे ध्वनिमुद्रण करावे लागते. ते घरच्या घरी कसे करायचे आणि त्यातून काय वाचायचे, ते पाहू.

आवाज येतो कुठून?

हृदयाचे स्नायू आवळतात त्याचाच हा आवाज, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे त्याचा संबंध झडपांशी आहे. जवनिका आकुंचन पावू लागल्या की रक्त मागे कर्णिकांकडे वळू पाहते आणि मधल्या दोन झडपा बंद होतात. हा ‘लब्’. आकुंचन संपून जवनिका सैल पडू लागल्या की महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा बंद होतात. हा ‘डब्’. मात्र हा आवाज नुसता दार आपटल्याचा नव्हे. वाहणारे रक्त एकाएकी अडते आणि त्या धक्क्याने रक्त, झडपा व भोवतालच्या भिंती कंप पावतात. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात धक्का बसतो, तसेच काहीसे.

हे कळायला वेळ लागला. फ्रेंच डॉक्टर रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यातून पुढे लाकडी नळीचा स्टेथोस्कोप तयार केला. पण दुसरा आवाज कर्णिकांच्या आकुंचनाचा आहे, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक कर्णिकांचे आकुंचन ‘लब्’च्या आधी होते. लाएनेक यांचा कान तयार होता. पण ऐकलेला आवाज थांबवून, पसरून पाहण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. ती आज आपल्याकडे आहे.

अडचण कोणती?

आम्ही पहिल्यांदा मोबाइल फोन सरळ छातीवर ठेवला. ऐकू आली ती पंख्याची घरघर आणि सदऱ्याची खसखस! हृदयध्वनीची बहुतेक ऊर्जा २०० हर्ट्झच्या खाली असते. या भागात आपला कान फार मंद आहे. १००० हर्ट्झचा जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि ५० हर्ट्झचा जेमतेम ऐकू येणारा आवाज यांत सुमारे ४० डेसिबलचा फरक असतो. म्हणजे ५० हर्ट्झला ध्वनिदाब जवळजवळ १०० पट लागतो. त्यातच फोन बोलण्यासाठी बनवलेला. संथ, खालच्या पट्टीतले आवाज तो पुष्कळदा गोंगाट समजून गाळून टाकतो. शिवाय आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची गुणगुण नेमकी ठोक्यांच्या पट्टीत येऊन बसते.

करून पाहू या

साहित्य साधे आहे. सुमारे ५ सेंटिमीटर तोंडाचे लहान नरसाळे, एक फुगा, १० सेंटिमीटर रबरी नळी, कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोन, चिकटपट्टी आणि लॅपटॉप. फुगा कापून नरसाळ्याच्या तोंडावर ताणून बसवा. नरसाळ्याच्या दांड्यावर नळी चढवा आणि तिच्या दुसऱ्या टोकात मायक्रोफोन बसवून सांधे चिकटपट्टीने पक्के बंद करा. हवा निसटायला बारीकशी फट राहिली तरी खालच्या पट्टीतला आवाज प्रथम हरवतो. आमचे दोन दिवस अशाच एका फटीने खाल्ले.

पंखा बंद करा. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. किंचित डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे हृदयाचे टोक छातीच्या भिंतीजवळ येते. डाव्या स्तनाग्राच्या थोडे खाली नरसाळे उघड्या त्वचेवर हलकेच धरा आणि श्वास रोखून दहा सेकंद ध्वनिमुद्रण करा. ते ऐकताना हेडफोन लावा, कारण लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून इतके खालचे आवाज नीट निघत नाहीत. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत २०० हर्ट्झच्या वरचा भाग गाळला की पडद्यावर जोडीजोडीने उभे राहिलेले उंचवटे दिसतात. जोडीतला ‘लब्’ कोणता, अशी शंका आली तर ऐकतानाच मानेच्या एका बाजूची नाडी हलक्या बोटाने चाचपावी. तिचा ठोका ‘लब्’च्या सोबत लागतो.

आता मोजू या

आमच्यापैकी एकाची नोंद पाहा. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ७२ ठोके होते, म्हणजे एका ठोक्याला ०.८३ सेकंद. त्यात ‘लब्’ ते ‘डब्’ ०.३२ सेकंद आणि ‘डब्’ ते पुढचा ‘लब्’ ०.५१ सेकंद. मग तीन मजले भरभर चढून लगेच पुन्हा ध्वनिमुद्रण केले. ठोके १२० झाले होते, म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद. त्याची वाटणी ०.२४ आणि ०.२६ अशी निघाली.

वेग वाढला तेव्हा दोन्ही अंतरे सारख्या प्रमाणात कमी झाली नाहीत. आकुंचनाचा काळ चतुर्थांशाने घटला, पण मधली शांतता निम्म्यावर आली. ही शांतता रिकामी नसते. याच काळात जवनिका रक्ताने भरतात आणि डाव्या जवनिकेच्या भिंतीला तिचे स्वतःचे रक्तही मुख्यतः याच काळात मिळते. म्हणून हृदयाचा वेग कितीही वाढवून चालत नाही. एका मर्यादेपलीकडे भरायलाच वेळ उरत नाही आणि ठोके वाढूनही बाहेर पडणारे रक्त कमी होऊ लागते. पाठ्यपुस्तकातल्या ‘लब्-डब्’मध्ये ही गोष्ट दिसत नाही, कारण ती दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे.

एक सावधगिरी

एका शाळेत हा प्रयोग करताना आम्ही मुलांचे ठोके सर्वांसमोर हेडफोनऐवजी मोठ्या स्पीकरवर ऐकवले. एका मुलीच्या ‘लब्’ आणि ‘डब्’मध्ये बारीक ‘सूंऽ’ असा आवाज होता. वर्ग एकदम गप्प झाला. पुढे डॉक्टरांनी तपासून तो निर्दोष असल्याचे सांगितले. निरोगी मुलांतही असे आवाज वरचेवर आढळतात. पण मधले पंधरा दिवस त्या घराने काळजीत काढले, आणि चूक आमची होती.

म्हणून प्रत्येकाने आपले ठोके आपणच ध्वनिमुद्रित करावेत आणि हेडफोनवर ऐकावेत. वर्गात फक्त मोजलेले आकडे मांडावेत. नरसाळ्याने रोगनिदान होत नाही. तरीही वेगळा आवाज वाटलाच तर पालकांना एकीकडे सांगून मुलाला डॉक्टरांकडे न्यायला सुचवावे. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडण्याचा आजार आपल्या देशात अजून आहे.

आता वर्गासाठी एक प्रश्न. जिना चढल्यानंतर दर मिनिटाला ध्वनिमुद्रण केले, तर मधली शांतता पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो? रोज खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. उत्तर पुस्तकात शोधू नका. ते तुमच्याच वर्गात मिळेल.