क्षार गीझर मारतात, बिल फुगवत नाहीत

धरणे आटू लागली आणि सोसायटीची भिस्त बोअर-टँकरवर आली, की पाठोपाठ सॉफ्टनरच्या जाहिरातीही येतात. गीझरच्या कॉइलवर मिलिमीटरभर क्षार साचला तरी विजेचे बिल अमुक टक्क्यांनी फुगते, हा त्यांतला हुकमी दावा. टक्केवारी जाहिरातीगणिक बदलते, दावा मात्र तोच. तो पटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. तांब्यातून उष्णता जितक्या सहज वाहते, त्याच्या शेकडो पट कष्टाने ती कॅल्शियम कार्बोनेटच्या थरातून वाट काढते. पण एवढ्या आधारावर बिलाचा हिशेब मांडता येत नाही.

आधी थर का बसतो ते पाहू. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी आपल्या काळ्या बेसाल्टच्या भेगांत मुरते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत घेते. साखर गरम चहात चटकन विरघळते. या क्षारांची तऱ्हा नेमकी उलटी. पाणी तापले की बायकार्बोनेट फुटतो, वायू उडून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट सर्वांत तापलेली जागा गाठतो. ती जागा म्हणजे कॉइल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत चालवून घेण्याजोगा. समजा, घरात 300चे पाणी येते आणि रोज 100 लिटर तापते. त्या पाण्यातून दिवसाला 30 ग्रॅम, वर्षाला जवळपास 11 किलो क्षार गीझरमधून जातो. बहुतेक पाण्याबरोबर निघून जातो हे खरे, पण विसावा हिस्सा आत राहिला तरी अर्धा किलोहून अधिक होतो.

आता बिल. विजेच्या गीझरची कॉइल पाण्यात बुडालेली असते. दोन हजार वॉटची कॉइल दोन हजार वॉट उष्णता देणारच, आणि त्या उष्णतेला पाण्याखेरीज जायला जागा नाही. वर थर चढला तर कॉइल आणखी तापते आणि तेवढीच उष्णता थरातून बाहेर ढकलते. म्हणून युनिट जवळपास तेवढेच पडतात; मरते ती कॉइल, कारण तिचा धातू सोसवणार नाही इतका तापतो. ‘पण थर्मोस्टॅटवरही क्षार बसतो, तो उशिरा बंद होतो, त्याचे काय?’ असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे. त्यात थोडी वीज वाया जाते, पण जाहिरातीतल्या टक्क्यांइतकी नव्हे. गॅस गीझरची गोष्ट वेगळी. तिथे ज्योत बाहेर असते, आणि थरामुळे अडलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते. कारखान्यांतल्या बॉयलरचेही तेच. तिथले आकडे उचलून विजेच्या गीझरला चिकटवणे ही लबाडी आहे.

सॉफ्टनर मात्र थोतांड नाही, आणि त्याचे मूळ चक्क खताच्या अभ्यासात आहे. मातीतून ओतलेला अमोनिया खाली का झिरपत नाही, हे यॉर्कशरचे जमीनदार हॅरी थॉम्पसन यांना पडलेले कोडे. रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी 1850मध्ये दाखवले, की माती अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. हीच देवघेव उलटी फिरवली, कॅल्शियम धरून सोडियम सोडले, की झाला सॉफ्टनर! श्रेय बहुधा अशीच देवघेव करणाऱ्या, विसाव्या शतकातल्या जर्मन झिओलाइटला मिळते, बिचाऱ्या वे यांचे नाव मागे पडते. पाइपला बांधायच्या चुंबकांना असा भक्कम आधार नाही. पाण्यातले कॅल्शियम ते काढत नाहीत, आणि थर रोखण्याबाबतचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. विक्रेत्याच्या हातातला टीडीएस मीटरही इथे कुचकामी, कारण तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, कठीणपणा नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम आले तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही.

तेव्हा यंत्र घेण्याआधी प्रयोगशाळेतून कठीणपणा तपासून घ्यावा. तो 200च्या आत असेल तर काहीच करायला नको. मधल्या पट्ट्यात थर्मोस्टॅट 75वरून 60वर आणणे पुरते. त्याहून खाली नको, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लीजनेला जिवाणू वाढू शकतो. शिवाय वर्षाकाठी कॉइल काढून सायट्रिक ॲसिडने धुवावी. वॉशिंग मशीनमध्ये थंड पाण्यावर कपडे धूत असाल तर थराची चिंता नाही, आणि कठीणपणाशी झुंजायला पावडरीत सोडा, झिओलाइट असतातच. आकडा 600च्या घरात असेल तर इमारतीने मिळून सॉफ्टनर घ्यावा. त्याचा खर्च तेव्हा वसूल होईल, पण जळणाऱ्या कॉइली वाचल्याने, वीजबिलातून नव्हे.