पाच आंदोलनांचं भांडण

षड्ज सेकंदाला २४० आंदोलनांवर, म्हणजे कंपनांवर, धरला, तर शुद्ध धैवत ४०० वर येतो की ४०५ वर? विशारदच्या परीक्षेला बसलेल्यांना हा आकडा आठवत असेल. तो पाठ करायचा, उत्तरपत्रिकेत उतरवायचा आणि निकालानंतर विसरायचा अशीच रीत आहे. मला मात्र या पाच आंदोलनांनी कित्येक वर्षं पछाडलं आहे. आपल्याकडे संगीताच्या संशोधनात माणसं कशी गुंतली, कशाच्या जोरावर बोलली आणि कुणाला गप्प बसवलं गेलं, हे सगळं या फटीत दिसतं.

आधी दोन्ही आकडे कुठून आले ते पाहू. ४०५ चं मूळ सतराव्या-अठराव्या शतकांतल्या ग्रंथांत आहे. अहोबलानं ‘संगीत पारिजात’मध्ये आणि त्याच्या मागोमाग श्रीनिवासानं ‘रागतत्त्वविबोध’मध्ये वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरस्थानं सांगितली. तार ३६ इंच धरली, तर षड्ज पूर्ण तारेवर, मध्यम २७ इंचांवर, पंचम २४ वर, तारषड्ज १८ वर. ऋषभ ३२ वर, म्हणजे २७० आंदोलनं. धैवताचा श्लोक जरा मोघम आहे. पंचम आणि तारषड्ज यांच्या बरोबर मधोमध घेतला तर धैवत २१ इंचांवर पडतो आणि तो कानाला चढा लागतो. म्हणून भातखंडे परंपरेतल्या पुस्तकांनी ऋषभाशी संवाद साधून तो २१⅓ इंचांवर ठेवला. हिशेब झाला ४०५.

४०० ची कहाणी वेगळी. हा आकडा ५/३ या गुणोत्तरातून येतो आणि तंबोऱ्याच्या षड्जाशी एकजीव होतो. पण त्याच गायकाचा ऋषभ २७० वर असेल, तर ऋषभ-धैवताचा षड्ज-पंचमभाव मोडतो, कारण २७० ची दीडपट ४०५ होते. धैवत ४०० वरच हवा, तर ऋषभ २६६⅔ वर उतरवावा लागतो. षड्जाशी इमान राखायचं की ऋषभाशी, हा पेच गणिताचा आहे. कुणाच्या घराण्यानं तो सुटत नाही. ४०५ आणि ४०० मधलं अंतर ८१/८० आहे. ‘नाट्यशास्त्रा’त भरतानं दोन वीणा घेऊन पंचम किंचित उतरवला आणि त्या उतरलेल्या अंतराला प्रमाणश्रुती म्हटलं. गुणोत्तरांच्या वाटेनं गेलं तर तेही नेमकं एवढंच भरतं. म्हणजे विशारदचा हा क्षुल्लक प्रश्न थेट नाट्यशास्त्राच्या दारात जाऊन उभा राहतो.

श्रुती म्हणजे सप्तकातलं सूक्ष्म अंतर. सात स्वरांत चार-तीन-दोन-चार-चार-तीन-दोन ही बावीस श्रुतींची वाटणी वाचकांना ठाऊक आहेच. भरतानं श्रुतीला आकडा दिला नाही; कानानं ओळखायची रीत दिली. त्यानंतरच्या शास्त्रकारांनी बावीस हा आकडा सोडला नाही आणि त्याचं माप मात्र गुलदस्त्यातच ठेवलं. मधली कित्येक शतकं मी इथे सरळ ओलांडतो. त्यांत पाठांतर पुष्कळ आहे आणि मोजमाप फार थोडं. मला थांबायचं आहे ते १९१० मध्ये, सांगलीच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरपाशी.

कृष्णाजी बल्लाळ देवल. आज हे नाव संगीताच्या इतिहासात तळटिपेपुरतं उरलं आहे आणि ते मला अन्यायाचं वाटतं. महसूल खात्यात हयात घालवलेल्या या गृहस्थानं १९१० साली पुण्याहून हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती या विषयावर एक छोटं इंग्रजी पुस्तक छापलं. भाषा फैसल्याची, मांडणी तक्त्यांची. जमिनीची मोजणी करून सातबारा लावणाऱ्या यंत्रणेतून आलेला माणूस सप्तकाचीही मोजणी करू पाहत होता.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. संगीत रंगभूमी भरात होती. नाटकमंडळ्यांत ऑर्गन आणि पायपेटी रुळत होती, बैठकीत हातपेटी शिरली होती. या पेट्यांचं सप्तक बारा सारख्या तुकड्यांत कापलेलं. त्यांचा कोमल गंधार २८८ ऐवजी सुमारे २८५.४ वर, शुद्ध गंधार ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ वर. धैवताची गंमत तर औरच: तो पडतो सुमारे ४०३.६ वर, म्हणजे ना ४०० वर ना ४०५ वर. पेटीनं दोन्ही पक्षांना सारखंच नाराज केलं आणि तरीही दोन्ही पक्षांच्या मैफलीत ती बसली.

देवलांनी जे केलं ते आधी कुणी फारसं केलं नव्हतं. त्यांनी गाणाऱ्या माणसाला पुढ्यात बसवलं आणि त्याच्या स्वराशी तार जुळवली. प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरवर ताणलेली तार, तिची लांबी मोजायची, त्यावरून आंदोलनं काढायची. गाणारा माणूसही साधासुधा नव्हता. ते होते अब्दुल करीम खाँ. किराण्याहून निघून बडोद्याच्या दरबारातून मिरजेला स्थिरावलेले, ज्यांच्या सुरेलपणाची शपथ आजही घेतली जाते. त्यांच्या गळ्यातली रागागणिक बदलणारी स्वरस्थानं आपल्या बावीस आकड्यांशी जुळतात, असा देवलांचा दावा.

या दाव्यावर मला शंका आहे आणि ती लपवत नाही. देवलांचे बहुतेक आकडे गायकाच्या गळ्यातून निघाले, की गायकाचा गळा आकड्यांच्या तक्त्यात बसवला गेला? हेल्महोल्ट्झचा नादविषयक जर्मन ग्रंथ १८६३ चा, त्याचं एलिसनं केलेलं इंग्रजी भाषांतर १८७५ चं. बोझांके यानं १८७७ मध्येच हिंदूंच्या सप्तकविभाजनावर लिहिलं होतं. ३/२, ४/३, ५/४, ५/३ ही स्वच्छ गुणोत्तरं म्हणजे निसर्गाचे नियम, असं मानणारं वारं इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाच्या घरात शिरलं होतं. सोनोमीटरवर तार जुळवताना जुळवणाऱ्याचा कान आधीच त्या गुणोत्तरांकडे झुकलेला असणार. एकदोन आंदोलनांचा फरक कानावर सोडला, की अपेक्षित आकडा हमखास मिळतो.

तरीही देवलांचं मोठेपण उरतं. श्रुतींवर बोलायचं तर ग्रंथ उघडायचा, ही तोवरची पद्धत. त्यांनी ग्रंथ बाजूला सारला नाही, पण साक्षीदार म्हणून गवय्याला बोलावलं. उत्तर आधीच ठरवून विचारलेला असला, तरी प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता.

आणि त्या माणसाचं काय? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव देवलांचं. प्रयोगाचा सगळा भार ज्या गळ्यानं उचलला, तो गळा या कथेत उपकरणासारखा वावरतो. खाँसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांना विचार नव्हता असं कोण म्हणेल? कोणत्या रागात कोणता गंधार किती उतरवायचा, हे ज्ञान त्या दोघांपैकी एकाकडेच होतं. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूचं चरित्र लिहिलं आणि ‘श्रुतिदर्शन’ही लिहिलं. चरित्र भक्तिभावानं ओथंबलेलं आहे, त्यातला प्रत्येक प्रसंग पुरावा म्हणून घेता येणार नाही. पण खाँसाहेब या संशोधनात भागीदार होते हा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो.

यात तिसरा माणूस शिरला तो अर्नेस्ट क्लेमंट्स. आयसीएसमधला न्यायाधीश, हिंदुस्थानी गाण्याचा खराखुरा शौकीन. १९१३ साली त्यानं भारतीय संगीताच्या अभ्यासावर पुस्तक लिहिलं, देवलांबरोबर फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया उभी केली आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती-हार्मोनियम घडवून घेतलं. बाराच्या जागी श्रुतींच्या पट्ट्या. साध्या पेटीनं हिंदुस्थानी सूर बिघडवला, म्हणून त्यावर इलाज शोधायचा आणि तो इलाजही पेटीच निघायचा! आजाराचीच गोळी करून दिल्यासारखं झालं. मींड नसलेलं, स्वराला जागेवरून हलू न देणारं वाद्य बारा पट्ट्यांचं असो की बावीस, त्याचा स्वभाव तोच राहतो.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचा अहवाल छापलेला आहे. असले अहवाल सहसा स्वागतपर भाषणांनी आणि आभारांनी भरलेले असतात. या अहवालात मात्र श्रुतींवरून पेटलेलं भांडण आहे, आणि मराठी वाचकानं ते मुळातून वाचावं.

परिषदेचे सूत्रधार विष्णू नारायण भातखंडे. वकील, तोवर ‘लक्ष्यसंगीत’ प्रसिद्ध केलेले आणि मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे खंड लिहायला घेतलेले. देशभर हिंडून त्यांनी ग्रंथ तपासले होते, उस्तादांकडून चिजा मिळवल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष थंड डोक्याचा होता: जुन्या ग्रंथांतलं संगीत आणि आज गायलं जाणारं संगीत यांचा धागा मधेच तुटला आहे, आजचे राग बारा स्वरांत आणि दहा थाटांत मांडता येतात, बावीस श्रुतींवाचून व्यवहाराचं काही अडत नाही. दुसऱ्या बाजूला देवल, क्लेमंट्स आणि खाँसाहेब, पेटीसह.

तिसरा पक्ष तंजावरहून आला होता. अब्राहम पंडितर, सिद्धवैद्य, स्वतःच्या खर्चानं संगीत परिषदा भरवणारा तमिळ ख्रिस्ती गृहस्थ. त्यांचा ‘करुणामृत सागरम्’ हा प्रचंड ग्रंथ पुढच्याच वर्षी निघाला. श्रुती बावीस नव्हेत, चोवीस, आणि त्याही सगळ्या सारख्या अंतराच्या, हा त्यांचा सिद्धांत. देवल-क्लेमंट्सचे आकडे त्यांना मुळीच मान्य नव्हते. इथे एक मौज आहे. सप्तकाचे चोवीस समान भाग केले, की एकाआड एक घेतलेले बारा स्वर नेमके विलायती पेटीचे स्वर होतात! प्राचीन तमिळ संगीताच्या वतीनं लढणाऱ्या पंडितरांच्या गणितानं त्या पेटीला अनवधानानं प्रमाणपत्रच दिलं.

श्रुती-हार्मोनियम पुढे आलं, खाँसाहेबांचं गाणं झालं, वाद रंगला. जमलेल्या बड्या उस्तादांच्या कानाला पेटीतल्या श्रुती पटल्या नाहीत. देवल-क्लेमंट्सचा पक्ष हरला. यंत्राला परिषदेची मान्यता मिळाली नाही आणि भातखंड्यांची बारा स्वरांची वाट मोकळी झाली. पुढच्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांनी ती हमरस्ता केली.

हा विजय मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. पेटी नाकारली हे योग्यच झालं. पण पेटीबरोबर मोजण्याची कल्पनाही बाहेर टाकली गेली. वाद धैवताचा होता असं दिसतं, प्रत्यक्षात तो निर्णय देण्याच्या हक्काचा होता. उस्ताद म्हणणार गळा आमचा, भातखंडे म्हणणार ग्रंथांची छाननी आमची, क्लेमंट्स म्हणणार शास्त्र आमचं. देवल बिचारे तिघांच्या मधोमध उभे होते: गवयांना ते हौशी वाटले, पंडितांना कारकुनी वाटले आणि साहेबाच्या शेजारी बसल्यामुळे राष्ट्रीय बाण्याच्या लोकांना परके वाटले असावेत.

पुढची हकीकत झटपट सांगतो. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी १९३८ मध्ये हिंदुस्थानी संगीताच्या भौतिकशास्त्रावर आणि सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहून हा विषय अधिक शिस्तीत मांडला. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती जवळपास तीन दशकं टिकली आणि पेटीचं काहीही वाकडं करू शकली नाही. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं, की एकच स्वर कलावंतागणिक आणि कधी एकाच मैफलीतही जागा बदलतो. पुढे मुंबईच्या एनसीपीएमध्ये स्वराचा आलेख काढणारी यंत्रणा आली. तिच्यात राग ठिपक्यांचा न दिसता रेषांचा दिसू लागला. या मोजमापांपुढे बावीस खुंट्यांची कल्पना टिकत नाही, आणि बारा खुंट्यांचीही नाही. बडोद्यात जिंकलेले आणि हरलेले, दोघेही स्वराला उभा करू पाहत होते. तो चालत होता.

मग देवलांचा दावा निकालात काढायचा का? नाही. तो तपासायचा. आणि तपासाची सोय खुद्द त्यांच्या साक्षीदारानंच करून ठेवली आहे. खाँसाहेब १९३७ साली वारले, पण त्यापूर्वी त्यांनी बरीच ध्वनिमुद्रणं केली. त्यांत झिंझोटी रागातली प्रसिद्ध ठुमरी आहे. झिंझोटीत मंद्र धैवतावर गायकाला वारंवार यावंच लागतं. जुनी तबकडी जरा वेगानं किंवा संथ फिरली तरी बिघडत नाही, कारण सगळे स्वर त्याच प्रमाणात वर-खाली होतात आणि षड्जाशी असलेलं गुणोत्तर तेच राहतं. आज महाविद्यालयातला विद्यार्थीही फुकटात मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर त्या धैवताचा प्रत्येक ठहराव मोजू शकतो. मंद्र सप्तकात ४०० आणि ४०५ निम्मे होतात; ते आकडे २०० आणि २०२.५ यांच्या भोवती कसे पसरतात, आरोहात एक आणि अवरोहात दुसरा येतो का, न्यासाचा धैवत आणि जाता-जाताचा धैवत वेगळे पडतात का, हे कागदावर मांडता येईल.

देवलांनी एक आकडा मागितला होता, आपण पसारा मागू. एखाद्या विद्यापीठाच्या संगीत विभागानं श्रुतींवरचं आणखी एक चर्चासत्र भरवण्याऐवजी हे काम दोन विद्यार्थ्यांना लावून द्यावं. आणि निकाल छापताना मुखपृष्ठावर पहिलं नाव अब्दुल करीम खाँ यांचं घालावं.